हळदीचं गोदाम आणि अथेन्सचं चर्च

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

माझा भाचा आणि त्याचे तीन सवंगडी गेलं दीड वर्ष सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ एका हळदीच्या गोदामात वाजवतायत. भाचा गिटार वाजवतो, एक मुलगी गाते, एक बेसवर आणि एक ड्रमवर. आठवड्यातून तीन संध्याकाळी जमतात. स्वतःची सहा गाणी बसवली आहेत, सगळी मराठीत. 'बँड' म्हटलं की आपल्याकडे अजून वरातीतला बँड नाहीतर बेंजो पार्टीच डोळ्यांपुढे येते, त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्यांना हे समजावताना माझ्या बहिणीची दमछाक होते. परवा जेवताना तो म्हणाला, "मावशी, पुण्याला गेल्याशिवाय आमचं काही खरं नाही." मी गप्प बसले. त्याला उत्तर द्यायचं म्हणून हा धागा काढते आहे, आणि इथल्या जाणकारांनी माझं कुठे चुकतंय तेही सांगावं.

मी विलिंग्डन कॉलेजला असताना मैत्रिणीच्या भावानं पुण्याहून आर. ई. एम. या अमेरिकन रॉक बँडची एक कॅसेट आणली होती. शब्द निम्मे कळायचे नाहीत. तरी ती कॅसेट इतकी वाजवली की पट्टा ताणला गेला. पुढे या लोकांविषयी मिळेल ते वाचत गेले आणि कळलं की ही मंडळी न्यूयॉर्कची नाहीत, लॉस एंजेलिसचीही नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं गाव आहे, त्या गावातली. १९८० मध्ये त्या गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आत होती. आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर होती, हे जरा शेजारी ठेवून बघा.

सुरुवात झाली ती एका रेकॉर्डच्या दुकानात. पीटर बक 'वक्स्ट्री' नावाच्या दुकानात कामाला होता. मायकल स्टाइप हा चित्रकला-छायाचित्रण शिकणारा विद्यार्थी तिथे यायचा, आणि बकनं स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलेल्याच रेकॉर्डी नेमक्या उचलायचा. त्यावरून बोलणं सुरू झालं. माइक मिल्स आणि बिल बेरी हे दोघं मेकन गावचे, शाळेपासून एकत्र वाजवणारे, शिक्षणासाठी अथेन्सला आलेले. एका मैत्रिणीनं चौघांची गाठ घालून दिली. स्टाइप गायला, बक गिटारवर, मिल्स बेसवर, बेरी ड्रमवर. तिच्याच वाढदिवसाला, ५ एप्रिल १९८० रोजी, ओकोनी स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा लोकांपुढे वाजले. चर्च म्हणजे प्रार्थना चालू असलेलं नव्हे. ती पडीक वास्तू होती, आत खोल्या पाडून मुलं भाड्यानं राहायची. त्या रात्री बरीचशी गाणी दुसऱ्यांचीच होती. बँडचं नावही ठरलेलं नव्हतं, ते नंतर स्टाइपनं शब्दकोश उघडून काढलं.

यानंतरचं दीड वर्ष मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एक जुनी निळी व्हॅन, चालवायला त्यांचा मॅनेजर जेफरसन होल्ट, आणि दक्षिणेतली गावंच्या गावं. जेवणाखाण्याला माणशी दिवसाला दोन डॉलर. एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलमला मिच ईस्टरच्या 'ड्राइव्ह-इन' स्टुडिओत 'रेडिओ फ्री युरोप' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. स्टुडिओ म्हणजे ईस्टरच्या आई-वडिलांच्या घरचं गॅरेज! जुलैमध्ये हिब-टोन या चिमुकल्या कंपनीनं त्याच्या एक हजार प्रती काढल्या, त्यातल्या सहाशे फुकट वाटायच्या होत्या. त्यावर कंपनीचा पत्ताच छापायचा राहून गेला होता. तरीही त्या संपल्या आणि आणखी सहा हजार काढाव्या लागल्या.

१९८२ मध्ये मोठ्या आर.सी.ए. कंपनीला नकार देऊन त्यांनी आय.आर.एस. या लहान कंपनीशी करार केला. एप्रिल १९८३ मध्ये 'मर्मर' हा पहिला पूर्ण अल्बम आला. 'बिलबोर्ड' मासिकाच्या अमेरिकेतल्या खपाच्या यादीत छत्तिसावा, वर्षअखेर सुमारे दोन लाख प्रती. आणि 'रोलिंग स्टोन' मासिकानं त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम म्हणून मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'वर या अल्बमला पसंती दिली. चौघांचा मुक्काम तेव्हाही अथेन्सलाच होता.

मी भाच्याला हेच सांगणार आहे. गाव सोडू नका. गावातून बाहेर जा, वाजवा, आणि परत या.

विश्रामबागकर

धागा आवडला, ताई. पण माझा विरोध नोंदवतो, कारण तुमच्या भाच्याच्या वयाची पोरं माझ्या घरात आहेत.

अथेन्स लहान असेल, पण तिथे १७८५ पासूनचं विद्यापीठ आहे. हजारो तरुण मुलं शिकायला त्या गावात *येतात*. आपल्याकडून बारावी झाली की मुलं *जातात*. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मेडिकल कॉलेज आहे, मान्य. पण शुक्रवारी संध्याकाळी अनोळखी बँड ऐकायला शंभर मुलं कुठे गोळा होणार? हॉल म्हणाल तर लग्नाचे. एका कार्यालयात विचारलं तर ड्रम म्हटल्यावर पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

दुसरं म्हणजे ओळखपाळख. बिल बेरी मेकनला असताना पॅरागॉन नावाच्या बुकिंग एजन्सीत कामाला होता. तिथे त्याची इयन कोपलंडशी दोस्ती झाली. त्याचा भाऊ माइल्स कोपलंड म्हणजे आय.आर.एस. कंपनी काढणारा, आणि तिसरा भाऊ स्टुअर्ट हा 'पोलिस' बँडचा ड्रमर. १९८३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 'पोलिस'च्या आधी आर. ई. एम. वाजले, त्यामागे ही सगळी साखळी आहे. आपल्या पोरांचा कोपलंड कोण?

कृष्णाकाठ

ओळखीचा मुद्दा मी लिहायला हवा होता, तो तुम्ही लिहिलात हे बरं झालं. पण बेरीची ती ओळख मेकनमध्ये झाली, हेही ध्यानात घ्या. मेकन म्हणजेही काही न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस नव्हे. तो तिथे कामं करत होता, माणसं जोडत होता.

जागेचं सांगते. अथेन्सचा 'फॉर्टी वॉट क्लब' आज नावाजलेला आहे. १९७८ मध्ये तो सुरू झाला तेव्हा 'पायलॉन' बँडच्या ड्रमरची ती सरावाची माडी होती. छताला चाळीस वॅटचा एक बल्ब लोंबत होता, त्यावरून नाव पडलं. त्याच्याही आधी 'बी-५२ज' हा बँड त्याच गावातून पुढे आलेला. पण त्यांचा पहिला कार्यक्रमसुद्धा १९७७ मध्ये घरगुती पार्टीतच झाला. म्हणजे क्लब आधी आणि बँड नंतर असं तिथे घडलेलं नाही. आधी बँड आले, मग त्यांना वाजवायला जागा लागल्या, म्हणून जागा झाल्या.

नेपथ्य

नाट्यपंढरीतल्या लोकांनी 'इथून काय होणार' असं म्हणावं याचं मला वाईट वाटतं, म्हणून लिहितो.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच, सांगलीच्या राजवाड्यात, 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. आपण शाळेत एवढंच शिकतो आणि थांबतो. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय सुटला. भाव्यांनी मंडळी मोडली नाही, बाहेर काढली. गावोगाव खेळ करत १८५३ मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. रेल्वे नाही, गाडीरस्ते धड नाहीत, सोंगांचं सामान आणि माणसं घेऊन घाट उतरायचा. ताईंच्या निळ्या व्हॅनची गोष्ट वाचताना मला आधी तेच आठवलं.

राजाश्रय सुटला म्हणून आपलं नाटक रस्त्यावर आलं आणि रस्त्यावर आलं म्हणून ते महाराष्ट्राचं झालं. तेव्हा पोरांना सांगा, कार्यालयवाल्यानं नाही म्हटलं तर तासगाव, इस्लामपूर, जत, कराड, कोल्हापूर आहेच. गॅदरिंगांचा हंगाम डिसेंबर-जानेवारीत. दोन गाणी लोकांच्या ओळखीची, एक आपलं, असं सुरू करावं.

जवारी

मिरजेतून लिहितेय. आमच्या घरी तीन पिढ्या तंबोरे-सतारी करतात. रॉकमधलं मला फार कळत नाही. हा धागा वाचून काल रात्री 'मर्मर' पहिल्यांदा ऐकला.

हा बक नावाचा माणूस सुरांचा गठ्ठा एकदम आपटत नाही. तारा सुट्या सुट्या छेडतो, आणि मोकळ्या तारा वाजत्याच ठेवतो. वरची धून बदलते, खाली मोकळ्या तारांची आस चालू राहते. आमच्याकडे घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून जवारी काढतात ती याच आसेसाठी, म्हणजे सूर रेंगाळत राहावा म्हणून. भोपळा पंढरपूर भागातून येतो, लाकूड येतं, सगळं जोडून होतं, पण शेवटी तंबोऱ्याचा जीव त्या घोडीवरच्या केसभर उतारात असतो. वडील सांगतात, जवारी काढणाऱ्याला घाई चालत नाही. एक गाणं बसवायला तुमच्या पोरांना महिना लागत असेल तर लागू दे.

आणि विश्रामबागकर, कोपलंड शोधायचं म्हणता. सांगलीहून दहा किलोमीटरवर अख्ख्या देशातले गवई-वादक वाद्यं दुरुस्तीला येतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात दर वर्षी गाणं होतं, नामवंत येऊन जमिनीवर बसून गातात. या मुलांपैकी कुणी कधी तिथे रात्रभर बसलंय का? रागदारी शिकायची म्हणून नाही हो. ऐकणारी माणसं कशी बसतात, गाणारा त्यांना कसा धरून ठेवतो, ते बघायला.

गिटारचे फ्रेट, म्हणजे दांडीवरचे पडदे, झिजले असतील तर घेऊन या. आमच्याकडे बघतात.

पाणी५७

मी थोडं वेगळं लिहितो. आमचाही बँड होता, याच गावात, पाच जणांचा, तीन वर्षं चालला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या तळमजल्यावर आमचे ड्रम, दोन अँप आणि कीबोर्ड होता. पाणी उतरल्यावर ड्रमच्या आत गाळ भरलेला होता. लोकांना आम्ही सांगतो, पुरानं बँड नेला.

खरं ते नाही. पूर यायच्या चार महिने आधीपासून आम्ही एकमेकांशी नीट बोलत नव्हतो. एका गाण्याला कॉलेजच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, आणि ते गाणं कुणाचं यावरून वाजलं. चाल मी केली होती, शब्द दुसऱ्याचे, पण त्या गाण्याला खरा उठाव दिला तो आमच्या बेसवाल्यानं. बक्षिसाच्या कागदावर त्याचं नाव आलं नाही. मी तेव्हा गप्प बसलो. आजही ते मला टोचतं.

म्हणून आर. ई. एम.ची एक गोष्ट इथे लिहायलाच हवी, आणि माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा तीच त्या पोरांनी उचलावी. त्यांच्या गाण्यांखाली नाव चौघांचं: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. आडनावांच्या वर्णक्रमानं. शब्द स्टाइप लिहायचा, धून कधी मिल्सची, कधी बकची, पण कागदावर चौघं आणि पैशातही चौघं सारखे. आणि एकालाही एखादी गोष्ट नको असेल तर ती व्हायची नाही. आमच्या पाच जणांत हे पहिल्या दिवशी ठरलं असतं तर ड्रम परत घेता आले असते. पैशाची गोष्ट होती ती.

विश्रामबागकर

पाणी५७, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मुलाला वाचायला दिलं.

सहावं_गाणं

नमस्कार. मी धागाकर्तीचा भाचा. मावशीनं लिंक पाठवली. सगळ्यांचे प्रतिसाद चौघांनी मिळून गोदामातच वाचले.

एक गोष्ट मावशीला सांगितली नव्हती, ती इथेच सांगतो. पुण्याला जायचं मी म्हणालो ते बँडसाठी नव्हतं पूर्ण. आमच्या ड्रमरला हिंजवडीत नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचंय. त्याच्या घरची परिस्थिती अशी आहे की त्यानं जायलाच हवं, त्यावर आमच्यात दुमत नाही. तो गेला तर आम्ही तिघं इथे काय करणार, म्हणून मला वाटलं की सगळेच जाऊ. पण गाणारीचं अजून एक वर्ष इथे कॉलेज आहे आणि बेसवाल्याचं दुकान आहे. म्हणजे मी एकटाच गेलो असतो.

दुसरा ड्रमर बघा असं तोच म्हणतोय. आम्हाला जमत नाहीये.

कृष्णाकाठ

अरे, हे मला घरी सांगायचंस की. मी गावाबद्दल व्याख्यान दिलं आणि तुझा प्रश्न माणसाचा होता. तरीही माझ्याकडे जे आहे ते तुझ्या ड्रमरसाठी लिहिते.

'मर्मर'च्या आधी, डिसेंबर १९८२ मध्ये, कंपनीनं त्यांना स्टीफन हेग नावाचा निर्माता दिला होता. त्याला सगळं काटेकोर हवं होतं. 'कॅटापल्ट' हे एकच गाणं त्यानं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं. त्यात सगळ्यात खचला तो बेरी. ड्रमरच. वर हेगनं ती टेप बॉस्टनला नेऊन यांना न विचारता त्यात कीबोर्ड घातला. चौघांनी कंपनीला सांगितलं, आम्हाला मिच ईस्टरकडे परत जायचंय. कंपनीनं एक गाणं करून दाखवा म्हटलं. ईस्टर आणि डॉन डिक्सनबरोबर त्यांनी ते केलं, कंपनीला पटलं, आणि १९८३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शार्लट शहरात अख्खा अल्बम झाला. त्यात लांबलचक गिटारवादन नाही, त्या काळात सगळीकडे घुसलेला सिंथेसायझर नाही. नवखे होते, कंपनी नाराज झाली असती तर सगळंच गेलं असतं. तरी एकाला त्रास होतोय म्हटल्यावर चौघं मागे फिरले.

पुढे १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कार्यक्रम चालू असताना बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. त्यातून तो वाचला. १९९७ मध्ये त्यानं बँड सोडला आणि शेती बघू लागला. सोडताना त्यानं बाकीच्यांना सांगितलं होतं की माझ्या जाण्यानं बँड मोडणार असेल तर मी जात नाही. तिघांनी शब्द दिला आणि २०११ पर्यंत बँड चालवला. तुझा मित्र 'दुसरा ड्रमर बघा' म्हणतोय, तो मला तसाच वाटतोय. त्याला बरं वाटावं म्हणून तरी वाजवणं बंद करू नका.

जवारी

एक तारखेला अजून किती दिवस आहेत?

सहावं_गाणं

एकोणीस.

पाणी५७

मग दुसरा ड्रमर नंतर बघा. आहे त्याच्याबरोबर एकोणीस दिवसांत तीन गाणी रेकॉर्ड करा. सहा नको, तीन. मिच ईस्टरकडे गॅरेज होतं, तुमच्याकडे गोदाम आहे. माझ्याकडे आठ चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात घेणारा डबा) आहे, पुरानंतर घेतला, फार वापरलेला नाही. ड्रमला चार माइक लागतील, तीन माझ्याकडे आहेत. गोदामात पोती कुठे रचलेली असतात? भरलेल्या पोत्यांची थप्पी ड्रमच्या मागे आणि दोन्ही बाजूंना आली तर घुमणारा आवाज पोती खातात. पत्र्याच्या छपरासाठी वर सतरंज्या बांधाव्या लागतील. गाणाऱ्या मुलीचा आवाज त्याच दिवशी घेऊ नका. ड्रम-बेस-गिटार एकत्र घ्या, तिचा आवाज वेगळ्या दिवशी शांतपणे.

आणि नेटवर टाकताना खाली संपर्काचा ईमेल लिहा. हिब-टोनवाल्यांकडून राहिलं ते तुमच्याकडून राहू नये. नावं चौघांची.

नेपथ्य

मोठ्या जाड सतरंज्या आमच्या तालमीच्या जागेत आहेत, सहा-सात. टेम्पो मी बघतो.

विश्रामबागकर

चौथा माइक मुलाकडे आहे. मी घेऊन येतो. ऐकायला बसलं तर चालेल का?

सहावं_गाणं

काका, नक्की या. सगळेच या.

येत्या रविवारी यार्डाला सुट्टी, सौदे नाहीत, ट्रकचा आवाज नाही. गोदामाच्या मालकांना विचारलं. सकाळी नऊपासून दिवे लागेपर्यंत जागा देतो म्हणाले, पोती हलवायला दोन हमालही सांगून ठेवतायत, त्यांची मजुरी आम्ही देऊ. मीटर जुना आहे, दोन अँप आणि इंटरफेस एकदम चालतील का ते शनिवारी वायरमनकडून तपासून घेतो. जवारीताई, गिटारचे फ्रेट खरंच झिजलेत, उद्या दुपारी मिरजेला घेऊन येऊ का?

ड्रमरला दाखवलं हे सगळं. काही बोलला नाही, घरी जाऊन नवीन काड्या घेऊन आला.

येताना जुने कपडे घालून या. हळदीचा डाग निघत नाही.